व्यायाम, स्नायू आणि केशवाहिन्यांलगतच्या पेशी : एक आढावा

विश्रांती घेत असलेल्या निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंच्या वाट्याला येतो. तोच माणूस धाप लागेपर्यंत धावू लागला, की हा ओघ २० ते २५ लिटरवर जातो आणि त्यातले ८० टक्क्यांच्या आसपास रक्त काम करणाऱ्या स्नायूंकडे वळते. ही सारी देवाणघेवाण जिथे घडते त्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात, की तांबड्या पेशीला अंग चोरून एकेरी रांगेत पुढे सरकावे लागते. ऑक्सिजन, साखर आणि संप्रेरके स्नायूत शिरतात ती याच भिंतीतून, आणि कार्बन डायऑक्साइड परत येतो तोही इथूनच.

या भिंतीला आतून एंडोथेलियल पेशींचे अस्तर असते. अस्तराच्या बाहेरच्या अंगाला, त्याला वेढणाऱ्या पातळ आधारपटलातच गुरफटलेली आणि लांब फाटे पसरून केशवाहिनीला बिलगलेली आणखी एक पेशी असते, तिचे नाव पेरिसाइट. शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तिला बहुधा एखाद-दुसरे वाक्य मिळते. गेल्या वीस वर्षांत मात्र व्यायामाने स्नायू कसा बदलतो, या चर्चेत तिचे नाव वारंवार येऊ लागले आहे. कोणी म्हणते, नव्या केशवाहिन्या तिच्यावाचून टिकत नाहीत. कोणी म्हणते, ती प्रसंगी स्वतःच स्नायू होते. कोणी तिला शेजारच्या मूलपेशींना निरोप पाठवणारी पेशी मानते. आणि यांतले बरेचसे श्रेय चुकीच्या ओळखीतून तिच्या नावावर जमा झाले आहे, असे मानणारेही अनुभवी संशोधक आहेत. हे दावे कुठून आले, त्यांच्यामागे कोणता पुरावा आहे आणि आज त्यांतला कोणता किती भक्कम आहे, ते क्रमाने पाहू.

दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

या पेशींची पहिली वर्णने १८७१ मध्ये कार्ल एबर्ट यांनी आणि १८७३ मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रूजे यांनी केली. रूजे यांच्या मते या पेशी आकुंचन पावत होत्या. पुढची पन्नास वर्षे त्या ‘रूजे पेशी’ म्हणूनच ओळखल्या गेल्या. आजचे नाव कार्ल त्सिमरमान यांनी १९२३ मध्ये दिले.

त्यांचा व्यायामाशी संबंध जोडला गेला तो कोपनहेगनमध्ये. ऑगस्ट क्रोग यांनी विश्रांतीतल्या आणि काम करणाऱ्या स्नायूंमधल्या, रक्त वाहत असलेल्या केशवाहिन्या मोजल्या. विश्रांतीत बंद असलेल्या कित्येक केशवाहिन्या काम सुरू होताच उघडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. या कामाला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग ही उघडझाप करते कोण, हा प्रश्न ओघानेच आला. क्रोग यांचे सहकारी ब्योवुल्फ विमट्रुप यांनी उभयचर प्राण्यांच्या जिवंत ऊतींत सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षणे केली आणि रूजे पेशींकडे बोट दाखवले. अमेरिकेत एलियट आणि एलिनॉर क्लार्क या दांपत्याने बेडकाच्या पिल्लांच्या पारदर्शक शेपटीत तीच दृश्ये दिवसेंदिवस न्याहाळली. या पेशींचा केशवाहिनीच्या आकुंचनाशी संबंध दिसत नाही, असे त्यांचे मत पडले. १९२० च्या दशकातला हा मतभेद निकाली निघाला नाही. संशोधकांचे लक्ष दुसरीकडे गेले, एवढेच.

क्रोग यांचे मूळ चित्रही पुढे बदलले. जिवंत स्नायूत थेट पाहण्याची तंत्रे आल्यावर विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी वाहत असतात, असे दिसले. कॅन्सस स्टेट विद्यापीठातले डेव्हिड पूल आणि त्यांचे सहकारी ही मांडणी दीर्घकाळ करत आले आहेत. बंद दारे उघडणे हा मुख्य भाग नसून आधीच वाहणाऱ्या केशवाहिन्यांतला प्रवाह वाढणे आणि तो योग्य ठिकाणी वळणे महत्त्वाचे, असे ते म्हणतात.

आकुंचनाचा मुद्दा या शतकात पुन्हा वर आला, पण मेंदूच्या निमित्ताने. २००६ मध्ये लंडनच्या डेव्हिड अ‍ॅटवेल यांच्या गटाने पेरिसाइट केशवाहिनीचा व्यास बदलू शकतात, असे दाखवले. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने त्याला उत्तर दिले : मेंदूतला प्रवाह ज्या पेशी बदलतात त्या सूक्ष्म धमनिकांवरच्या गुळगुळीत स्नायुपेशी आहेत, मधल्या केशवाहिन्यांवरच्या पेरिसाइट नव्हेत. पाहिलेले दृश्य जवळपास एकच होते. वाद होता तो पेरिसाइटची हद्द कुठे सुरू होते याचा, आणि पुढच्या प्रत्येक भागात तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे. हातापायांच्या स्नायूंपुरते बोलायचे, तर व्यायामातला प्रवाह मुख्यतः धमनिका ठरवतात. केशवाहिन्यांच्या अस्तरातून निघालेला संकेत वरच्या धमनिकेपर्यंत पोहोचतो आणि तिला रुंदावतो, याला चांगला पुरावा आहे. पेरिसाइटचा वाटा असलाच तर तो संथ आणि लहान असावा.

नव्या केशवाहिन्या आणि त्यांचा टिकाऊपणा

व्यायामाने स्नायूत केशवाहिन्या वाढतात, ही गोष्ट जुनी आहे. गिनीपिगांवरची निरीक्षणे १९३६ मधली आहेत. माणसांबाबत मात्र थोडा गोंधळ झाला होता. १९७१ मध्ये हेर्मान्सेन आणि वाख्तलोव्हा यांनी मुरलेले खेळाडू आणि न खेळणारी माणसे यांची तुलना केली, तेव्हा स्नायूच्या दर चौरस मिलिमीटरमागे केशवाहिन्यांची संख्या सारखीच भरली. कारण खेळाडूंचे तंतू जाड होते. दर तंतूमागे मोजल्यावर त्यांच्याकडे केशवाहिन्या जास्त निघाल्या. १९७७ मध्ये पेर आंडरसन आणि यान हेनरिक्सन यांनी तीच माणसे व्यायामाआधी आणि नंतर तपासली. आठ आठवड्यांच्या सायकल व्यायामानंतर मांडीच्या स्नायूतली केशवाहिन्यांची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती. दोन महिन्यांत शरीर इतके नवे जाळे विणते, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे.

हे जाळे कसे वाढते, यात चेक वंशाच्या ओल्गा हुडलिका यांचे काम पायाभूत ठरले. बर्मिंगहॅममध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वाटा वेगळ्या काढल्या. शेजारचा स्नायू काढून टाकून उरलेल्यावर कायमचा ताण आणला, की जुन्या केशवाहिनीला बाहेरच्या बाजूने फुटवा येतो. औषधाने नुसता रक्तप्रवाह वाढवला, तर भिंतीवरचे घर्षण वाढते आणि केशवाहिनी आतूनच दुभागते. खऱ्या व्यायामात ताण आणि घर्षण दोन्ही असतात.

पहिल्या वाटेवर रसायनांचा क्रम बराच स्पष्ट झाला आहे. एकदाच धावून आलेल्या उंदरांच्या स्नायूतही व्हीईजीएफ या वाढघटकाचा संदेश-आरएनए वाढलेला असतो, हे १९९६ मध्ये सॅन दिएगोतल्या पीटर वॅग्नर यांच्या गटाने दाखवले. त्याच परंपरेत पुढे स्नायुतंतूंतूनच व्हीईजीएफचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या स्नायूंत केशवाहिन्या कमी होत्या, धावण्याचा दम फारच कमी होता आणि सरावानेही जाळे वाढत नव्हते. म्हणजे पहिली हाक तंतू देतो आणि तिला उत्तर एंडोथेलियल पेशी देतात.

पेरिसाइटचे काम यानंतर येते. फुटवा यायचा तर पेरिसाइटची पकड आधी सैल व्हावी लागते. नवी नळी तयार झाली, की एंडोथेलियल पेशी पीडीजीएफ-बी नावाचे प्रथिन सोडून पेरिसाइटना बोलावतात. क्रिस्टर बेट्सहोल्ट्झ यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांवर पेरिसाइट जवळजवळ नव्हत्या, भिंती जागोजागी फुगल्या होत्या आणि पिल्ले जन्माच्या सुमारासच दगावत होती. पाठोपाठ १९९८ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या कामातून एक महत्त्वाची कल्पना पुढे आली. पेरिसाइट येऊन बसेपर्यंत नवी वाहिनी कच्ची असते आणि व्हीईजीएफ कमी झाले तर ती मिटून जाते. पेरिसाइट स्थिरावली की ती टिकते.

व्यायामाच्या संदर्भात ही कल्पना लावून पाहिली, तर सराव सोडल्यावर जाळे का आक्रसते आणि सातत्य का लागते, याचे एक समजण्याजोगे कारण हाती येते. इथे मतभेद कमी आहेत. प्रश्न उरतो तो पेरिसाइट या कामात केवळ नंतर येऊन आधार देते, की सुरुवातीलाच वाढीचा वेग आणि दिशा ठरवते, याचा. दुसऱ्या शक्यतेला ऊतिसंवर्धनातला आधार पुष्कळ आहे, पण चालत्या-धावत्या प्राण्याच्या स्नायूतला थोडा.

पेरिसाइट स्वतः स्नायू होते का?

हा या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वळणावळणाचा भाग आहे.

१९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायुतंतूला चिकटून असलेल्या सॅटेलाइट पेशींचे वर्णन केले. स्नायूला इजा झाली की याच पेशी विभागतात, एकमेकींत मिसळतात आणि नवा तंतू घडवतात, हे नंतर प्रस्थापित झाले. पण या पेशींचे रोपण करून स्नायूचे आजार बरे करण्याचे प्रयत्न फसत होते. सॅटेलाइट पेशी रक्तातून सोडता येत नाहीत, त्या टोचल्या जागेपासून फार सरकत नाहीत आणि प्रयोगशाळेत वाढवल्यावर त्यांचा जोम जातो. म्हणून संशोधक दुसऱ्या उगमाच्या शोधात होते.

इटलीतल्या ज्युलिओ कोस्सू यांच्या गटाला तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीत सापडला. १९९९ मध्ये त्यांनी उंदराच्या भ्रूणाच्या महाधमनीतून स्नायू होऊ शकणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या. या पेशी धमनीतून सोडता येत होत्या आणि वाहिनीची भिंत ओलांडून स्नायूत शिरत होत्या. २००६ मध्ये ड्युशेन प्रकारचा स्नायुक्षय असलेल्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांत त्यांनी आशादायक सुधारणा नोंदवली. २००७ मध्ये याच गटातून आलेल्या आरियाना देल्लाव्हाल्ले यांच्या निबंधाने माणसाच्या स्नायूतल्या पेरिसाइट या सॅटेलाइट पेशींहून वेगळ्या असूनही स्नायू घडवू शकतात, असे मांडले. २०११ मध्ये त्यांनी उंदरांत या पेशींना जनुकीय खूण करून त्यांचा माग काढला. वाढीच्या वयात आणि इजेनंतर त्यांतल्या काही तंतूंत मिसळल्या, काही सॅटेलाइट पेशींच्या जागी जाऊन बसल्या, असे निष्पन्न झाले. दरम्यान २००८ मध्ये ब्रुनो पेओ यांच्या गटाने अनेक मानवी अवयवांतल्या पेरिसाइट संवर्धनात हाड, चरबी, कास्थी आणि स्नायू असे अनेक मार्ग धरू शकतात, असे प्रसिद्ध केले. जिथे रक्तवाहिनी तिथे मूलपेशींचा साठा, असे एक भव्य चित्र उभे राहिले.

त्याच २०११ मध्ये विरुद्ध बाजूने ठोस पुरावा आला. पॅक्स-७ हे जनुक वापरणाऱ्या पेशी, म्हणजे सॅटेलाइट पेशी, प्रौढ उंदरांतून नष्ट करण्याचे प्रयोग तीन गटांनी स्वतंत्रपणे केले. तिन्हींत इजा झालेला स्नायू सावरलाच नाही. पेरिसाइटमध्ये स्नायू घडवण्याची मोठी ताकद असती, तर तिने ही उणीव निदान अंशतः भरून काढायला हवी होती. कोस्सू यांच्या बाजूने याला दिलेले उत्तर असे, की पेरिसाइटचे स्नायूत रूपांतर होण्यासाठी सॅटेलाइट पेशींची संगत लागत असेल. ते अशक्य नाही.

दुसरा धक्का २०१७ मध्ये बसला. कॅलिफोर्नियातल्या सिल्व्हिया इव्हान्स यांच्या गटाने टीबीएक्स-१८ या जनुकाच्या आधारे पेरिसाइट आणि वाहिन्यांच्या गुळगुळीत स्नायुपेशींना खूण केली, आणि प्रौढ उंदरांत म्हातारपणापर्यंत तसेच निरनिराळ्या इजांनंतर त्यांचा माग घेतला. हृदय, मेंदू, चरबी, हातापायांचे स्नायू अशा अनेक ठिकाणी पाहूनही या पेशी दुसऱ्या कशात बदललेल्या दिसल्या नाहीत. शरीराबाहेर काढून वाढवल्यावर मात्र त्यांनी अनेक रूपे घेतली. ताटलीतली क्षमता आणि शरीरातले वर्तन यांत इतके अंतर असू शकते, हा या निबंधाचा खरा धडा होता.

मधली एक मांडणीही ध्यानात घ्यायला हवी. वेक फॉरेस्ट विद्यापीठातले अलेक्झांडर बिरब्रेअर आणि ओस्वाल्डो डेलबोनो यांनी २०१३ च्या सुमारास स्नायूतल्या पेरिसाइटचे दोन प्रकार सांगितले. पहिला प्रकार चरबी आणि तंतुमय ऊतीकडे झुकतो, दुसरा स्नायूकडे आणि नव्या वाहिन्यांकडे. वय वाढल्यावर स्नायूत चरबी आणि ताठरपणा का साठतो, याचे उत्तर या विभागणीतून मिळेल अशी अपेक्षा होती. ती अजून पुरती फळाला आलेली नाही, कारण पहिल्या प्रकाराची सीमा २०१० मध्ये दोन गटांनी वर्णिलेल्या, चरबी आणि तंतुमय ऊती घडवणाऱ्या पूर्वज पेशींच्या सीमेत बरीच मिसळते.

रुग्णांपर्यंत कोस्सू यांची वाट एकदा पोहोचली. मिलानमध्ये ड्युशेन स्नायुक्षय असलेल्या पाच मुलांना जुळणाऱ्या दात्यांच्या, रक्तवाहिन्यांलगतच्या पेशी धमनीतून देण्यात आल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : उपचार बऱ्याच अंशी सुरक्षित होता, एका मुलाच्या स्नायूत दात्याकडून आलेले डिस्ट्रोफिन, म्हणजे या आजारात उणे असलेले प्रथिन, आढळले, पण चालण्या-फिरण्यात म्हणावा असा लाभ झाला नाही. ज्या कुटुंबांनी आपली मुले या चाचणीत सोपवली, त्यांच्या धैर्यामुळेच हे प्रामाणिक उत्तर मिळाले.

निरोगी माणसाच्या नेहमीच्या व्यायामात पेरिसाइट मोठ्या प्रमाणावर स्नायुतंतू बनतात, याला पुरावा नाही, असे या सगळ्यावरून म्हणता येते. ड्युशेनसारख्या आजारात किंवा बाहेरून दिलेल्या पेशींच्या बाबतीत ही शक्यता खुली आहे.

निरोप देणारी पेशी

स्नायू होण्याचा दावा मागे पडला तशी दुसरी कल्पना पुढे आली. पेरिसाइट जागच्या जागी राहून शेजाऱ्यांना काय कळवते, हे पाहिले पाहिजे.

त्यासाठी शेजार कोणाचा, हे आधी ठरले. २००७ मध्ये फ्रान्समधल्या गटाने सॅटेलाइट पेशी स्नायूत कुठेही विखुरलेल्या नसतात, तर बहुसंख्य केशवाहिन्यांच्या अगदी लगत असतात, असे दाखवले. २०१५ मध्ये एनिस कोस्टल्लारी आणि सहकाऱ्यांनी पेरिसाइट या शेजारात दोन वेगवेगळी कामे करते, असे मांडले. आयजीएफ-१ सोडून ती तरुण स्नायुपेशींना परिपक्व व्हायला लावते आणि अँजिओपोएटिन-१ सोडून सॅटेलाइट पेशींना शांत, राखीव अवस्थेत ठेवते. पिल्लांच्या वाढीच्या काळात पेरिसाइट कमी केल्यावर तंतूंची वाढ खुंटली आणि राखीव पेशींची शांतताही ढळली. शेतकरी पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळे राखून ठेवतो, तसा हा साठा राखण्यात पेरिसाइटचा हात असेल, तर तिचे महत्त्व ती स्वतः स्नायू होते की नाही यावर मुळीच अवलंबून राहत नाही.

मला हीच दिशा सर्वांत फलदायी वाटते. मात्र कोस्टल्लारी यांचे काम वाढत्या उंदरांवरचे आहे. प्रौढ प्राण्याने व्यायाम केल्यावर हेच दोन संकेत त्याच प्रकारे चालतात, हे गृहीत धरता येत नाही.

व्यायामावरचे थेट प्रयोग

व्यायामाचा प्रश्न सरळ हाती घेणाऱ्यांत इलिनॉय विद्यापीठातल्या मार्नी बोपार्ट यांचे नाव आधी येते. त्यांनी वापरलेला व्यायाम बहुतेकदा ताणात लांबणाऱ्या स्नायूचा असतो. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे, कारण उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत लांबत असतो. प्रयोगशाळेतले उंदीर यासाठी उतारावर धावतात.

२०१२ मध्ये बोपार्ट यांच्या गटाने अशा व्यायामानंतर उंदरांच्या स्नायूत मूलपेशींसारख्या, रक्तवाहिन्यांलगतच्या पेशी वाढतात असे नोंदवले. स्नायुतंतूला भोवतालच्या जाळीशी बांधणारे अल्फा-७ इंटिग्रिन ज्यांच्यात जास्त होते, त्या उंदरांत ही वाढ ठळक होती. या पेशी स्वतः तंतूंत मिसळत नव्हत्या. त्यांचा परिणाम त्यांनी सोडलेल्या द्रव्यांतून होत असावा, असे दिसले. पुढच्या दोन-तीन वर्षांत याच पेशी दुसऱ्या उंदरांत टोचून व्यायाम करवला गेला, तेव्हा सूक्ष्म धमन्यांची वाढ, तंतूंची जाडी आणि ताकद यांत भर पडली. नुसत्या टोचलेल्या पेशी आणि व्यायामासह टोचलेल्या पेशी यांत फरक होता, ही बाब मला मोलाची वाटते. ताण हाच त्यांना जागे करणारा संकेत असावा.

नंतर हा गट उलट्या टोकाकडे, म्हणजे विश्रांतीकडे वळला. मोडलेले हाड जुळावे म्हणून पाय प्लास्टरमध्ये ठेवला, की काही आठवड्यांत पोटरी किती वाळते ते अनेकांनी पाहिले असेल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांचा एक पाय दोन आठवडे जखडून ठेवला आणि मोकळा केल्यावर त्यात पेरिसाइट सोडल्या. तंतूंचा आकार आणि केशवाहिन्या यांची भरपाई अधिक चांगली झाली. त्यानंतर पेशींऐवजी पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पुटिका वापरून म्हाताऱ्या उंदरांतही भरपाई सुधारता येते, असे काम त्यांनी केले. पेशी न देता तिचा निरोप तेवढा द्यायचा, हा विचार उपचाराच्या दृष्टीने सोयीचा आहे. पुटिका साठवता येतात आणि त्या वाढून गाठ होण्याची भीती नसते.

माणसांवरचे काम मोजके आहे. २०१५ मध्ये डेन्मार्कचे जीन फारूप आणि उत्तर अमेरिकेतले मायकेल डी लिसिओ यांनी बोपार्ट यांच्यासह तरुण पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. एका अभ्यासात इजा करणाऱ्या एकाच व्यायामानंतरचे तास आणि दिवस पाहिले. दुसऱ्यात बारा आठवडे प्रत्येकाचा एक पाय केवळ भार उचलायला आणि दुसरा केवळ भार सोडायला लावला, म्हणजे माणूस तोच आणि तुलना त्याच्याच दोन पायांची. काहींना दुधाच्या निवळीतले (व्हे) प्रथिन दिले, काहींना तेवढ्याच उष्मांकाचे दुसरे पेय. पेरिसाइट मोजायला एनजी-२ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज अशा दोन खुणा वापरल्या, कारण एकटी कोणतीही पुरेशी नाही. रचना सुरेख आहे. पण नमुन्यातली गणना काही बदलले एवढेच सांगते. पेरिसाइट बदलल्या म्हणून स्नायू वाढला, की दोन्ही तिसऱ्याच कारणाने बदलले, हे अशा पद्धतीतून कळू शकत नाही.

याच काळात चित्रात दुसरे दावेदारही आले. २०२१ मध्ये झ्युरिकमधल्या कात्रीन डे बॉक यांच्या गटाने व्यायामाने वाढणाऱ्या केशवाहिन्यांचे मूळ विशिष्ट एंडोथेलियल पेशींत आहे, असे दाखवले. मोठ्या ताणाखाली काही आठवडे तरी सॅटेलाइट पेशींशिवायही तंतू जाड होऊ शकतात, असे २०११ मध्येच केंटकीच्या गटाने नोंदवले होते. वाहिन्यांलगतच्या सर्व पेशींत पेरिसाइटला किती हिस्सा द्यायचा, हा हिशेब म्हणून आणखी कठीण होतो.

पेरिसाइट म्हणायचे कोणाला?

आतापर्यंतच्या प्रत्येक मतभेदाच्या मुळाशी ओळखीचा पेच आहे. पेरिसाइटची एकमेव अशी खूण नाही. एनजी-२ गुळगुळीत स्नायुपेशींवरही असते. पीडीजीएफचा बीटा ग्राहक तंतुपेशींवरही (फायब्रोब्लास्टवरही) सापडतो. अल्कलाइन फॉस्फेटेज काही एंडोथेलियल पेशींतही असते. बोपार्ट यांच्या सुरुवातीच्या कामात ज्या खुणेने पेशी वेचल्या, त्या खुणेत चरबी आणि तंतुमय ऊती घडवणाऱ्या पूर्वज पेशीही येतात. दोन प्रयोगशाळा एकाच नावाखाली दोन वेगळ्या पेशींबद्दल बोलत असण्याची शक्यता खरी आहे.

मोजणीतही यामुळे फरक पडतो. मेंदूत एंडोथेलियल पेशी आणि पेरिसाइट यांचे प्रमाण एकास एक ते तीनास एक सांगतात. हातापायांच्या स्नायूंसाठी मात्र दहास एकपासून शंभरास एकपर्यंतचे आकडे दिले जातात. दहा पटींचा हा फरक स्नायूत नसून बहुधा मोजण्याच्या रीतीत आहे.

एकेका पेशीतला आरएनए वाचण्याच्या तंत्राने इथे खरी प्रगती झाली. २०२० मध्ये बेट्सहोल्ट्झ यांच्या गटाने हृदय, स्नायू, आतडे आणि मूत्राशय यांतल्या तंतुपेशी व वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि दोहोंना वेगळे करणारे जनुकांचे गट सुचवले. आता एका खुणेऐवजी अनेक जनुकांचा संच, केशवाहिनीवरचे स्थान आणि आधारपटलातली जागा या तिन्हींची साक्ष एकत्र मागितली जाते. जुने निष्कर्ष या कसोटीवर पुन्हा घासून पाहण्याचे काम निम्मेसुद्धा झालेले नाही.

वय आणि मधुमेह

हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर का महत्त्वाचा आहे, ते वृद्धांकडे पाहिल्यावर कळते. २०१७ मध्ये मास्ट्रिख्त आणि मॅकमास्टर इथल्या संशोधकांनी वयस्क पुरुषांना अनेक महिने वजनांचा व्यायाम करवला. ज्यांच्या स्नायूत सुरुवातीलाच केशवाहिन्या भरपूर होत्या, त्यांचे तंतू वाढले. ज्यांच्यात त्या कमी होत्या, त्यांना त्याच मेहनतीचे फळ कमी मिळाले. व्यायामाचा लाभ सर्वांना सारखा का होत नाही, याचे एक कारण असे केशवाहिन्यांत दडलेले असू शकते.

मधुमेहात पेरिसाइट मरतात, ही गोष्ट १९६१ पासून माहीत आहे. बॉस्टनमधल्या कोगन, तूसँ आणि कुवाबारा यांनी मधुमेही रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्यात नेमक्या याच पेशी नाहीशा झालेल्या पाहिल्या. स्नायूतल्या केशवाहिन्यांचे आधारपटलही मधुमेहात जाडावते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिअ‍ॅबच्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले, की इथली बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही चरबी राखून असतात आणि स्नायूला मात्र कमी असतात. स्नायूची पुंजी जिथे जन्मतःच तोकडी आहे, तिथे उरलेला स्नायू व्यायामाला कसा प्रतिसाद देतो आणि त्याच्या केशवाहिन्यांवर कोण बसले आहे, हा दूरचा विषय राहत नाही.

अनिर्णित बाबी

सर्वांत मोठी अडचण प्रयोगाच्या रचनेतच आहे. पेरिसाइटचे महत्त्व तपासायचे तर प्रौढ प्राण्यातून त्या काढून व्यायाम करवून पाहावे, हे साहजिक. पण त्या काढल्या की केशवाहिन्याच गळू लागतात. मग स्नायू वाढला नाही तर दोष निरोप न मिळाल्याचा, की रक्तच नीट न पोहोचल्याचा, हे वेगळे करता येत नाही. पेरिसाइट जागेवर ठेवून तिच्यातले एकेक जनुक, उदाहरणार्थ आयजीएफ-१ किंवा अँजिओपोएटिन-१, तेवढेच बंद करणे आणि तेही सराव सुरू झाल्यानंतर, ही वाट अधिक विश्वासाची आहे.

दुसरा प्रश्न व्यायामाच्या प्रकाराचा. दीर्घकाळ धावणे, वजन उचलणे आणि भार पेलत खाली येणे यांत स्नायूचे बदल वेगळे असतात. पेरिसाइटचा प्रतिसादही वेगळा असावा, पण तिन्हींची एकाच निकषावर तुलना व्हायची आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोट्रपॅक प्रकल्पात उंदरांना आठ आठवडे धावायला लावून अनेक ऊतींतले रेणवीय बदल मोजले गेले. मात्र ऊतीचा अख्खा तुकडा वाटून केलेल्या मोजणीत पेरिसाइटसारख्या थोड्या पेशींचा आवाज बुडतो. अशा प्रकल्पांना एकेका पेशीच्या वाचनाची जोड मिळाली, तर उत्तर जवळ येईल.

तिसरा प्रश्न वेळेचा. एका व्यायामानंतर पहिल्या काही तासांत पेरिसाइटची पकड सैल होते का, ती परत कधी बसते, आणि दोन सत्रांमधली विश्रांती या फेऱ्याला पुरते का? प्रशिक्षकांना आणि फिजिओथेरपिस्टना उपयोगी पडेल असे उत्तर इथेच दडले आहे. त्यासाठी त्याच माणसाचे अनेक नमुने वेगवेगळ्या वेळी घ्यावे लागतात, आणि मांडीतून पुन्हा पुन्हा सुईने तुकडा देणारे स्वयंसेवक सहज मिळत नाहीत. फारूप आणि डी लिसिओ यांचे स्वयंसेवक तरुण, निरोगी पुरुष होते. पाळी थांबल्यानंतरच्या स्त्रिया, साठी ओलांडलेले लोक आणि मधुमेही यांच्या स्नायूत हीच मोजणी त्याच दोन खुणांनी, आणि शक्य तिथे एकेका पेशीच्या वाचनासह करणे, हे पुढचे सर्वांत निकडीचे काम आहे.